चौकट सात

काडेपेटी कागदावर ठेवून
भोवती पेन्सिल फिरवली, बारा वेळा.
कागद म्हणजे सोसायटीच्या कॅलेंडरचा मार्च, पाठकोरा.
ईरण्णा म्हणाला, पडदा याहून लांबट असतो.
म्हटलं, असू दे. निपाणीत मापं अशीच घेतात.

चौकट एक: चिकोडी रोड, दिवेलागण.
वखारीची भिंत डावीकडून आत येते
आणि संपतच नाही.
चौकट दोन: पत्र्याची पाटी.
वरची ओळ कन्नड, खालची मराठी,
दोन्हींवर डांबर, वेगवेगळ्या वर्षी फासलेलं.
(यावर खर्च शून्य. पाटी आहे तशी आहे.)
तीन: सायकलची चेन पडते.
चार: मुलीची बोटं, काळं ग्रीस.
इथवर भांडण नव्हतं.

पाचव्या चौकटीत वैजूला हात हवा होता,
फळीच्या फटीतून येणारा, नखं वाढलेला.
मैदा लावून पांढरा करू, म्हणाला,
ज्वारीचं पीठ नको, कॅमेऱ्यात मळकं दिसतं.
सौंदर्या हसली.
हात बघून मी नाही पळणार,
हात तर बसमध्ये रोज येतात.

मग कुणी बोलेना.
तेव्हा दस्तगीर, जो आवाज धरणार होता
मामाच्या मंडपातल्या माइकवर,
हळूच म्हणाला: आतनं शिंक येऊ दे.
एकच.
अकरा वर्षं कुलूप असलेल्या वखारीतनं.

मानेवर काटा आला, माझ्याच.
आणि शिंकेला भाषा नसते, तो पुढं म्हणाला,
सबटायटल नको, मोर्चा नको.

पण मुलगी काय विचारते?
‘कोण हाय?’ की ‘यारू?’
सहाव्या चौकटीवर पाऊण तास गेला.
सौंदर्या म्हणाली, राग आला की मी कन्नडात भांडते,
घाबरले की मराठी येते तोंडात, का ते माहीत नाही.
म्हणून लिहिलं: कोण हाय.
ईरण्णानं खोडलं नाही,
शेजारी बारीक अक्षरात यारू लिहून ठेवलं.

सातवी शिंकेची.
शिंक कशी काढतात कागदावर?
फटीतून उडणारी धूळ काढली. पुसली.
किंचित हललेलं कुलूप काढलं. पुसलं.
कागद तिथं पातळ झाला,
मागून मार्च दिसायला लागला,
उलटी एकवीस आणि अमावस्येचा काळा ठिपका.

रात्री आईला म्हटलं, तुझी शिंक पाहिजे.
बावीस वर्षं ती याच वखारीत
तंबाखू चाळायची, तोंडाला पदर बांधून.
संध्याकाळी दारात आली की आम्ही भावंडं
तिला बिलगायचो आणि शिंकत सुटायचो.
फोन तिच्या नाकाशी धरला.
तपकीर दिली. मिरपूड दिली.
बल्बकडे बघ म्हटलं.
तिनं मनापासून केलं सगळं,
डोळे मिटले, मान वर, तोंड थोडं उघडं,
वाट बघत बसली
जशी एखाद्या एसटीची.
“येत न्हाई गं,” म्हणाली.
“पहिल्या वर्साला लई यायची. मग गेली.
तिथंच ऱ्हायली असंल.”
आणि भाकरी थापायला उठली.

रेकॉर्डिंग चौतीस सेकंदांचं आहे.
श्वास, घड्याळ, एक बांगडी,
हायवेवर गिअर बदलणारा ट्रक.
दस्तगीरला पाठवलं.
त्यानं विचारलं, यात शिंक कुठाय?
लिहिलं: वखारीत.
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

चौकट सात कोरी आहे अजून,
खोडरबरानं खरखरीत झालेली.
शनिवारी सहाला शूटिंग.
वॉचमनला दोनशे द्यायचे ठरलेत,
कुलूप उघडायचं नाही या अटीवर.
वैजू मैदा आणणार आहे, तरीही.